गटागणिक कमाल

भारतातल्या प्रत्येक पर्जन्यमापक केंद्रावर एका दिवसात आजवर जास्तीत जास्त किती पाऊस पडला? प्रश्न एका वाक्याचा आहे. उत्तरही आटोपशीर आहे: केंद्राचं नाव आणि त्यापुढे मिलिमीटरमधला एक आकडा. अडचण आहे ती मधल्या ढिगाऱ्याची. हवामान विभागाच्या पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी १९०१ ते २०१० या काळातल्या दैनंदिन पावसाचा देशव्यापी संच तयार केला, तेव्हा ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या. यातली बरीच केंद्रं मध्येच कधीतरी सुरू झाली, काही बंद पडली. पण सगळी एकशे दहा वर्षं अखंड चालली असं धरलं, तर एका केंद्राची एका दिवसाची एक ओळ या हिशेबाने तक्ता सुमारे २८ कोटी ओळींचा होतो. रकाने तीनच: केंद्र, तारीख, पाऊस. या २८ कोटींतून ६,९५५ आकडे वेचायचे आहेत.

सगळ्या देशाचा मिळून एकच सर्वोच्च आकडा काढला तर तो बातमीपुरता बरा असतो. चेरापुंजीत १६ जून १९९५ रोजी चोवीस तासांत १,५६३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, पण सोलापूरजवळच्या ओढ्यावर मोरी बांधणाऱ्या अभियंत्याला त्याचा काय उपयोग? त्याला सोलापूरचाच आकडा लागतो. एका शहरालाही एक आकडा पुरेल असं नाही. २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर मोजले, आणि त्याच मुंबईत कुलाब्याने ७३. दोघांना ‘मुंबई’ या एका गटात कोंबलं की कुलाब्याचा सगळा इतिहास सांताक्रूझच्या पाण्याखाली जातो. गट कशावरून पाडायचे हे आधी माणसानेच ठरवायचं असतं.

पहिली सुचणारी रीत अशी: यादीतलं पहिलं केंद्र घ्यायचं, सगळा तक्ता वाचायचा, त्या केंद्राचा मोठ्यात मोठा आकडा लिहायचा. मग दुसरं केंद्र, पुन्हा सगळा तक्ता. ६,९५५ गुणिले २८ कोटी म्हणजे जवळजवळ दोन लाख कोटी ओळींचं वाचन झालं. संगणक सेकंदाला दहा कोटी ओळी पाहतो असं धरू. हा वेग सोयीसाठी घेतला आहे, पुढच्या तुलनांनाही तोच वापरू. त्या वेगाने पाच तासांहून जास्त लागतात.

इतक्या अडाणी रीतीने कोण काम करतं, असं वाटेल. कचेरी-कचेरीतून चालतं. एक्सेलच्या शीटमध्ये शेवटच्या रकान्यात ‘मॅक्सइफ्स’चं सूत्र लिहायचं आणि खालपर्यंत ओढायचं, ही ती रीतच आहे. शीट एक लाख ओळींची असेल आणि प्रत्येक सूत्र जसंच्या तसं राबवलं गेलं, तर एकेक सूत्र लाखभर ओळी चाळतं, एकूण हजार कोटी तपासण्या. पंखा घरघरतो, स्क्रीन पांढरी पडते, आणि दोष जुन्या मशीनवर जातो. त्याच शीटवर पिव्होट टेबल टाकून ‘मॅक्स’ निवडलं तर उत्तर लगेच येतं, कारण पिव्होट तक्ता एकदाच वाचतो.

एकदाच वाचून हे कसं जमतं? टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायला खणांची फळी असते, तशी फळी डोळ्यांपुढे आणा, फक्त खणात पत्रांचा गठ्ठा साठवायचा नाही. प्रत्येक खणात एकच चिठ्ठी राहील: त्या केंद्राचा आतापर्यंतचा सर्वांत मोठा आकडा. तक्त्याची ओळ आली की केंद्राचा खण गाठायचा, नवा आकडा जुन्याहून मोठा असेल तर चिठ्ठी बदलायची, नसेल तर ओळ विसरून पुढे जायचं. २८ कोटी ओळी, तीन सेकंद. शेवटची ओळ संपते तेव्हा उत्तर तयार असतं.

नाव वाचून थेट योग्य खणापाशी पोहोचण्याच्या युक्तीला हॅशिंग म्हणतात. आयबीएममधल्या हान्स पीटर लुन यांनी १९५३ साली एका अंतर्गत टिपणात ती मांडली. केंद्राच्या नावावर ठराविक आकडेमोड करायची आणि जो अंक येईल तोच खणाचा क्रमांक समजायचा. शोधाशोध नाही. दोन नावांना एकच क्रमांक आला तर काय करायचं याचेही उपाय तेव्हापासून सुचलेले आहेत. आजच्या बहुतेक डेटाबेसांत ‘ग्रुप बाय’ लिहिलं की पडद्याआड पुष्कळदा हीच फळी उभी राहते.

या रीतीचं मर्म विसरण्यात आहे. मध्यक काढायचा असता तर प्रत्येक केंद्राचे सगळे आकडे हाताशी ठेवावे लागले असते. कमाल आकड्याला मागचं काहीच लागत नाही, म्हणून २८ कोटी ओळींच्या कामाला दोन-तीनशे किलोबाइट जागा पुरते. एवढीशी फळी प्रोसेसरच्या आतल्या कॅश स्मृतीत मावते आणि तिथला खण काही नॅनोसेकंदांत गाठता येतो. गट वाढले की मात्र चित्र पालटतं. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार पहिल्यांदा १,००० कोटींच्या पुढे गेले. त्यात ‘प्रत्येक खात्याचा महिन्यातला सर्वांत मोठा व्यवहार’ काढायचा म्हटलं तर खणच कोट्यवधी होतात. फळी कॅशमधून बाहेर, मुख्य स्मृतीत जाते, आणि तिथली एकेक खेप शंभरेक नॅनोसेकंदांची. त्यावर तोड म्हणजे आधी खात्यांची मोठमोठ्या जथ्यांत विभागणी करायची आणि एका वेळी एकाच जथ्याची छोटी फळी मांडायची. तक्ता दोनदा हाताळावा लागतो, तरीही एकूण वेळ वाचतो.

चिठ्ठी प्रत्यक्षात कितीदा बदलावी लागते, याचं गणित मला फार आवडतं. एका केंद्राच्या एकशे दहा वर्षांच्या सुमारे चाळीस हजार ओळी कुठल्याही क्रमाने आपल्यासमोर येत आहेत असं समजा. पहिली ओळ विक्रमच असते. दुसरी विक्रम ठरण्याची शक्यता एक-द्वितीयांश, तिसरीची एक-तृतीयांश, हजाराव्या ओळीची एक-सहस्रांश. सगळ्या शक्यतांची बेरीज केली तर सरासरी अकराच्या आसपास येते. चाळीस हजार ओळींत अकरा बदल! बाकी सगळ्या वेळी ‘मोठा आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. आधुनिक प्रोसेसर पुढच्या उत्तराचा अंदाज बांधून आधीच कामाला लागतात, त्यांना असा एकसुरी प्रश्न फार मानवतो. हीच बेरीज हवामानतज्ज्ञांच्याही उपयोगाची आहे. हवामान बदलत नसेल तर एकशे दहा वर्षांच्या वार्षिक उच्चांकांत सरासरी पाचच विक्रम व्हायला हवेत. पुष्कळ केंद्रांवर ते याहून जास्त होऊ लागले, तर हवामान पूर्वीसारखं राहिलेलं नाही असा संशय घ्यायला जागा होते.

दुसरी रीत क्रमवारीची. सगळा तक्ता केंद्रानुसार आणि केंद्राच्या आत पावसानुसार लावायचा, मग प्रत्येक केंद्राची शेवटची ओळ उचलायची. २८ कोटी ओळी क्रमाने लावायला साधारण पावणेआठशे कोटी तुलना लागतात, म्हणजे आपल्या वेगाने सव्वा मिनिटाच्या पुढे. एका सर्वोच्च आकड्यासाठी बाकी चाळीस हजारांची आपापसातली उतरंडही ठरवायची, हा वाया गेलेला खटाटोप आहे. तक्ता आधीपासून केंद्रानुसार लावलेला असेल तर मात्र फळीही नको. एक केंद्र संपेपर्यंत एकच आकडा लक्षात ठेवायचा, नाव बदललं की तो लिहून टाकायचा.

यावरून तिसरी रीत सुचते: तक्त्याला हात न लावता त्याची क्रमाने लावलेली सूची वेगळी जपायची. बोइंग कंपनीत काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७० च्या सुमारास बी-ट्री नावाची रचना शोधली आणि डेटाबेसांतल्या बहुतेक इंडेक्सांचा पाया आजही तीच आहे. इंडेक्सच्या एका पानात दोनशे नोंदी मावतात असं धरा. वरचं पान खालच्या दोनशे पानांकडे बोट दाखवतं, त्यातलं प्रत्येक पुढच्या दोनशेंकडे. चार पायऱ्यांत १६० कोटी नोंदींचा पल्ला येतो. इंडेक्स आधी केंद्र आणि मग पाऊस अशा क्रमाने केलेला असेल, तर ‘सांताक्रूझचा शेवट’ गाठायला चार पानं पुरतात. तिथून पुढच्या केंद्राच्या शेवटाकडे उडी मारायची. ६,९५५ उड्या, अठ्ठावीस हजारांच्या आत पानं, आणि २८ कोटी ओळींपैकी जवळजवळ सगळ्या न वाचताच काम आटोपतं.

असा इंडेक्स असूनही क्वेरी रेंगाळते, तेव्हा माणसं चक्रावतात. कारण उडी मारायची हे डेटाबेसला सुचावं लागतं. मायएसक्यूएलला ते सुचतं. पोस्टग्रेस सगळ्या तक्त्याची एकच कमाल मागितली तर इंडेक्सच्या टोकाशी जातं, पण गटागणिक मागितली की वर्षानुवर्षं सगळा इंडेक्स नाहीतर सगळा तक्ताच वाचत आलेलं आहे. तिथे क्वेरी जरा वळवून लिहावी लागते: केंद्रांची वेगळी छोटी यादी घ्यायची आणि ‘या प्रत्येकासाठी इंडेक्समधली वरची एक नोंद आण’ असं सांगायचं. १९७० साली एडगर कॉड यांनी तक्त्यांचं तत्त्व मांडलं आणि चारच वर्षांनी डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी एसक्यूएलचा पहिला आराखडा दिला. तेव्हापासूनचं आश्वासन असं की काय हवं तेवढं माणसाने सांगावं, कसं आणायचं ते यंत्राने ठरवावं. बहुतेक वेळा ते पाळलं जातं. गटागणिक कमाल ही त्यातली अडून बसणारी जागा आहे.

इंडेक्स फुकट येत नाही, हेही लक्षात ठेवावं. नवी ओळ आली की ती इंडेक्सच्या योग्य पानात घुसवावी लागते, आणि २८ कोटी नोंदींचा इंडेक्स कित्येक गिगाबाइट जागा अडवतो. प्रश्न वर्षातून एकदा विचारला जाणार असेल तर तीन सेकंदांचं सरळ वाचन मला केव्हाही बरं वाटतं.

एका यंत्राला न पेलणारा तक्ता असला तर कमाल आकड्याचा मोठा गुण कामी येतो. तक्त्याचे शंभर तुकडे करून शंभर यंत्रांना द्या, प्रत्येकाने आपापली फळी भरावी, शेवटी फळ्या एकत्र करून केंद्रागणिक मोठा आकडा ठेवावा. उत्तर तेच येतं. डेटाबेस-संशोधक जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अशा क्रियांची प्रतवारी लावली. बेरीज, मोजणी, किमान, कमाल या तुकड्यांच्या उत्तरांतून थेट जुळतात. सरासरी तशी जुळत नाही, पण बेरीज आणि मोजणी सोबत नेली की जमते. मध्यक हट्टी, त्याला सगळे आकडे एकत्र लागतात. कमालीची बेरजेवरही एक मात आहे. जाळ्यात गडबड होऊन एखादा तुकडा दोनदा मोजला गेला तर बेरीज फुगते, कमाल मात्र तीच राहते. हजारो यंत्रांवर चालणाऱ्या कामात एखादं यंत्र बंद पडणं आणि तो तुकडा पुन्हा चालवणं हे रोजचंच, त्यामुळे हा गुण मोलाचा ठरतो. गूगलच्या मॅपरिड्यूस पद्धतीवरून हडूप नावाची प्रणाली घडली. तिच्यावरच्या टॉम व्हाइट यांच्या प्रसिद्ध पुस्तकात शिकवण्यासाठी निवडलेलं पहिलं मोठं उदाहरण ‘प्रत्येक वर्षाचं सर्वोच्च तापमान’ हेच आहे.

कागदावर फार देखणी दिसणारी आणखी एक युक्ती आहे. आजचे स्तंभवार साठवणारे डेटाबेस आणि पार्केसारखे फाइल-प्रकार तक्त्याचे मोठे ठोकळे करतात आणि प्रत्येक ठोकळ्यावर त्यातला किमान व कमाल आकडा लिहून ठेवतात. मग आधी जुलैचे ठोकळे वाचायचे, सगळ्या केंद्रांचे आकडे वर चढू द्यायचे, आणि नंतर जानेवारीच्या ठोकळ्यांकडे वळायचं. त्यांच्यावर लिहिलेली कमाल आपल्या सगळ्या चिठ्ठ्यांहून लहान असेल तर ठोकळा न उघडताच सोडून द्यायचा. पण ‘सगळ्या चिठ्ठ्यांहून’ या अटीत लेहही येतं, आणि लेहच्या शुष्क वाळवंटातली चिठ्ठी बिचारी फार लहान असते. तमिळनाडूचा मोठा पाऊस तर ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. देशभराचा तक्ता तारखेनुसार लावलेला असेल तर जवळजवळ एकही ठोकळा सुटत नाही. तोच तक्ता राज्यवार लावून मग तारखेनुसार साठवला, तर महाराष्ट्राच्या वाट्याचे हिवाळी ठोकळे बरेचसे बंदच राहू शकतात. ओळी साठवताना कुठल्या क्रमाने ठेवल्या, यावर युक्तीचं सगळं नशीब.

आकडा मिळाला की पुढचा प्रश्न हमखास येतो: कधी? इथे अनुभवी माणसंही घसरतात. ‘केंद्रागणिक कमाल पाऊस आणि कमाल तारीख दे’ असं लिहिलं तर डेटाबेस इमानाने दोन वेगवेगळ्या कमाली काढतो आणि शेजारी मांडतो. सांताक्रूझपुढे ९४४ आणि त्यापुढे ३१ डिसेंबर २०१०, म्हणजे तक्त्यातली शेवटची तारीख. ओळ खरी वाटते, पण तशी ओळ तक्त्यात कुठेच नसते. मायएसक्यूएल तर पूर्वी गटाबाहेरचा रकाना मागितला की गटातल्या कुठल्यातरी ओळीतून तो बेलाशक उचलून द्यायचं. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून ते मुळातच हरकत घेतं. बरोबर रीत म्हणजे चिठ्ठीवर आकड्यासोबत तारीखही लिहायची, आणि आकडा बदलला तरच तारीख बदलायची. तसं केल्यावर सांताक्रूझपुढे २७ जुलै २००५ येईल. मुंबईकराच्या आठवणीत तो पाऊस २६ तारखेचा आहे, पण हवामान खात्याचा पर्जन्यदिवस सकाळी साडेआठला संपतो आणि नोंद संपल्या दिवसाच्या नावे पडते.

दोन ओळी बरोबरीच्या निघाल्या तर काय करायचं हेही आधीच सांगावं लागतं. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत गिरगावच्या प्रभाग २२० मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर या दोघांना ५,९४६ अशी सारखी मतं पडली आणि चिठ्ठी काढून शहांची निवड झाली. निवडणूक म्हणजे प्रभागागणिक कमाल, आणि कायद्याने बरोबरीचा नियम लिहून ठेवलेला आहे. डेटाबेसमध्ये तो आपण लिहायचा असतो. गटात ओळींना क्रमांक देऊन पहिली उचलली तर बरोबरीतली एक ओळ गुपचूप गळते, आणि उद्या तीच क्वेरी चालवली तर कदाचित दुसरीच गळेल. क्रमांकाऐवजी ‘रँक’ वापरली तर दोन्ही राहतात.

याहून मोठा धोका खोट्या आकड्यांचा. चाळीस हजार ओळींत एक आकडा चुकला तर सरासरी जेमतेम हलते, कमाल मात्र ती चूक जशीच्या तशी उचलते आणि वर मिरवते. टॉम व्हाइट यांनी वापरलेल्या अमेरिकी हवामान-नोंदींत तापमान अंशाच्या दशांशात लिहिलेलं असतं, आणि नोंद नसेल तिथे ९९९९. म्हणून त्यांच्या पहिल्याच प्रोग्राममध्ये तो आकडा वगळणारी अट आहे. ती काढली तर नोंद हुकलेल्या प्रत्येक वर्षाचं सर्वोच्च तापमान ९९९.९ अंश निघेल. हे निदान डोळ्यांत भरतं. २९ मे २०२४ ला दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने दाखवलेलं ५२.९ अंश सेल्सिअस तितकं अशक्य वाटत नव्हतं. राजस्थानात फलोदीला २०१६ मध्ये ५१ अंश नोंदलेच गेले होते. मुंगेशपूरचा संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचं हवामान विभागाने तपासणीनंतर सांगितलं.

असा आकडा तक्त्यातून काढून टाकायचा ठरलं, की फळीची अडचण उघडी पडते. नवी ओळ आली तर चिठ्ठी अद्ययावत करणं सोपं आहे, रोज ६,९५५ तुलना केल्या की झालं. पण चिठ्ठीवरचाच आकडा रद्द झाला तर त्याखालचा कोणता, हे फळीला माहीत नसतं. ती ते विसरून बसली आहे. त्या केंद्राच्या सगळ्या ओळी पुन्हा वाचाव्या लागतात. म्हणून ज्यांना दुरुस्त्या अपेक्षित असतात ते चिठ्ठीवर एकाऐवजी वरचे पाच-दहा आकडे ठेवतात, किंवा इंडेक्स सांभाळतात. इंडेक्समध्ये दुसरा क्रमांक पहिल्याच्या शेजारीच सापडतो.

जागतिक हवामान संघटना जगाच्या विभागांगणिक उच्चांकांची अशीच एक यादी ठेवते. तिच्यात लिबियाच्या अल अझिझिया इथलं १३ सप्टेंबर १९२२ चं ५८ अंश तापमान आफ्रिकेचं आणि सगळ्या जगाचंही सर्वोच्च म्हणून बसलेलं होतं. २०१२ मध्ये संघटनेच्या समितीने ती नोंद बाद केली. वापरलेला तापमापक गैरसोयीचा, नोंद घेणारा माणूस बहुधा नवखा, आणि चूक सुमारे सात अंशांची, असा निष्कर्ष निघाला. एक ओळ गेली आणि दोन गटांची उत्तरं बदलली: आफ्रिकेसाठी ट्युनिशियातल्या केबिलीचं ७ जुलै १९३१ चं ५५ अंश, आणि जगासाठी कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचं १० जुलै १९१३ चं ५६.७. या दोन्ही जुन्या नोंदींवरही काही अभ्यासकांचा विश्वास नाही. कुवेतच्या मित्रिबाहचं २०१६ चं ५३.९ आणि पाकिस्तानातल्या तुर्बतचं २०१७ चं ५३.७ ही आधुनिक उपकरणांनी मोजलेली आणि संघटनेने तपासून मान्य केलेली तापमानं त्यांच्या खालच्या ओळींत आहेत.